मुंडक्यांचा डबा

कचऱ्याचा डबा आहे मी, आणि आज मला बोलायचं आहे. नाकाला रुमाल लावायचा असेल तर आत्ताच लावून घ्या. वास येतो म्हणून मी कोणाची माफी मागणार नाही. वास माझा नाही, तुमचा आहे. माझ्यात जे आलं ते सगळं माणसाच्या हातून आलं.

माझा जन्म कारखान्यातला. हिरव्या प्लास्टिकचे दाणे वितळवले, साच्यात ओतले, वर झाकण लावलं, खाली दोन चाकं लावली. झालं. बारसं नाही की पेढे नाहीत. एकात एक कोंबून आम्हाला जहाजाने फिजीला आणलं आणि सुवा शहरात एका बेकरीच्या दारात मला उभं केलं.

तिथे मी माणूस ओळखायला शिकलो. माणूस चांगला पाव अर्धा खाऊन टाकतो, आणि टाकताना इकडेतिकडे बघतो. नेम चुकला की लाथ मात्र डब्याला. येताजाता नाक मुरडणारे तेच, आणि कापलेली मासळी, सडलेली पपई, पोरांची लंगोटी आणून टाकणारेही तेच. मला तेव्हापासून तुमचा राग नाही येत. कीव पण नाही येत. नुसता कंटाळा येतो.

मग एका वर्षी वादळ झालं. नदीने मला उचललं, समुद्राने गरागरा फिरवलं आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या खारफुटीत नेऊन फेकलं. त्यात एक चाक गेलं. तिथे मला साकेआसीने पाहिलं. हा नाइतोवो गावचा, होडी चालवणारा. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि थेट आपल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे अपाकुकीच्या अंगणात आणून आपटलं.

"दाजी, तुमच्यासाठी दुसरी बायको आणलीय. हिचं तोंड मोठं आहे, पण उलट बोलत नाही."

"साल्या, तू आणलेली म्हणजे तुझ्यासारखीच असणार. वरून हिरवी आणि आतून नासकी."

मेव्हण्यांनी एकमेकांची सालं काढायची, ही इथली रीत. जो काढत नाही त्याला शिष्ट म्हणतात. हे दोघे शिष्ट नव्हते. सकाळी भेटले की सुरू, ते होडी किनाऱ्याला लागेपर्यंत.

अपाकुकी पन्नाशीचा, दारात उभा राहिला तर घरात अंधार पडेल एवढा. त्याचं काम ऐकाल तर हसाल. समुद्राच्या तळाशी गुडघे टेकून तो शार्कना हाताने भरवायचा. आणि ते बघायला थंड मुलखातली माणसं विमानं बदलत बदलत यायची.

त्याने तापल्या सळीने माझ्या अंगाला भोकं पाडली, म्हणजे पाणी आत शिरून मी बुडेन. बुडाला शिसं बांधलं. मग माशांच्या कारखान्यातून ट्यूनाची मुंडकी आणून माझ्यात गळ्यापर्यंत भरली, झाकण लावलं, कानांना दोर बांधला आणि मला सोडलं खाली. शहरातला कचऱ्याचा डबा समुद्रातला मुदपाकखाना झाला. बढती म्हणायची तर म्हणा.

खालचं कौतुक मी बरीच वर्षं पाहिलं. प्रवाळाचे दगड रचून एक बुटकी भिंत केलेली. तिच्यामागे पाहुणे ओळीने पालथे पडायचे, रबराचे काळे कपडे घातलेले, पाठीवर हवेची नळकांडी, तोंडातून बुडबुडे. शिळी मुंडकी खाणाऱ्या जनावराकडे डोळे फाडून बघायचे. वर आले की एकमेकांना मिठ्या मारायचे, एखादी बाई रडायची, एखादा म्हणायचा की माझं आयुष्य बदललं. अरे, तू नाश्ता बघून आलास. तोही दुसऱ्याचा.

आणि शार्क! तुम्ही त्यांना काय काय समजता. मी त्यांची तोंडं आतून पाहिलीत. लग्नात पहिल्या पंगतीला घुसणाऱ्या पाहुण्यांसारख्या त्या. वास आला की यायचं, वळसा घालायचा, मुंडकं घ्यायचं, पुन्हा रांगेत. त्यातली सगळ्यात मोठी एक म्हातारी मादी होती, होडीच्या निम्मी. तिला सगळे आजी म्हणायचे. डोळे बारीक, अक्कल त्याहून बारीक. ती डोळ्यांनी खायची नाही, नाकाने खायची. ज्याला मुंडक्याचा वास ते मुंडकं, एवढंच तिचं शास्त्र.

होडीवर अपाकुकी पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या कुळाला शार्क चावत नाही. शार्कच्या देवाने आमच्या पूर्वजांना तसा शब्द दिलाय." पाहुणे माना डोलवायचे. एवढं सांगून झालं की हा उजव्या हातात कोपरापर्यंत पोलादी कड्यांचा हातमोजा चढवायचा. देवाचा शब्द खराच असेल. हातमोज्याशिवाय त्याने तो कधी तपासला नव्हता.

आता त्या हातमोज्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं अपाकुकीच्या उजव्या हाताचं आहे.

हातमोजा लायलचा. लायल म्हणजे धंद्याचा मालक, न्यूझीलंडचा गोरा. त्याच्या पोटरीवर शार्क गोंदलेली होती, ती वांग्यासारखी दिसायची. त्याचा जीव शार्कवर. माणसं त्याला लागायची ती शार्कना खायला घालायला. त्याने अपाकुकीला दम भरून ठेवला होता. कारण अपाकुकीकडे कोणी काही मागितलं आणि त्याने नाही म्हटलं, असं कधी झालंच नव्हतं. होडीतली तरंगती जाकिटं एकदा येशूच्या देवळातल्या गायकांना गेली, ती गेलीच. पाण्यातला दिवा कोणाच्या मयतीला गेला, तो अजून मयतीतच आहे.

"अपा, आता माझी एक वस्तू जरी गावात गेली," लायल म्हणाला होता, "तर तू पण गावातच राहायचं. पाण्यात दुसरा माणूस घेईन."

पाणी सुटलं तर अपाकुकी मेला असता. जमिनीवर त्याला कोणी विचारत नव्हतं. गुडघे दुखायचे, धाप लागायची, बायको ओरडायची. खाली मात्र तो हलका व्हायचा आणि आजी त्याच्या हातून खायची. त्या हातावर त्याची सगळी ऐट होती.

आणि मग नेमानी आला.

नेमानी त्याचा भाचा, बहिणीचा मुलगा. वासेमाथा ही अपाकुकीची एकुलती एक बहीण, खाडीपलीकडच्या गावात दिलेली. इथे भाच्याने मामाच्या घरी येऊन ज्या वस्तूवर हात ठेवला ती त्याची. डुक्कर असो, चटई असो, होडी असो, मामाने हसत द्यायची. परत मागितली तर मामाने गावात तोंड दाखवायचं नाही. नेमानी तिशीचा बैल. आला की मामाचं अंगण दुकानासारखं बघायचा.

हातमोजा माझ्या झाकणावर वाळत घातलेला होता. नेमानी थांबला.

"मामा, हे काय?"

"हातमोजा."

"लोखंडाचा?"

"पोलादाचा."

त्याने तो चढवला. मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला तिथेच कळलं. वस्तू घालून मूठ उघडमीट करणारा माणूस ती काढून ठेवत नाही.

"चिखलातला खेकडा यातून चावेल का हो?"

"खेकड्याचा बाप नाही चावणार," अपाकुकी म्हणाला. मूर्ख! स्वतःच माल खपवत होता.

"मग हा मला हवा, मामा."

अपाकुकीच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं. पण हललं नाही. "घे की," तो म्हणाला. "तुझाच आहे."

भाचा जेवला. नारळाच्या दुधातली अळूची भाजी बांधून घेतली आणि हातमोजा घातलेला हात हलवत गेला. ना त्याने विचारलं, मामा, तुम्हाला लागत नाही का? ना याने सांगितलं. तुमची ही माया मला कधी कळली नाही. भुंकणारं कुत्रं तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलतं.

दुसऱ्या दिवशी साकेआसीने मला होडीत चढवलं आणि अपाकुकीचा रिकामा हात पाहिला.

"दाजी, तो हात इकडे करा. शेवटचा बघून घेतो."

"गप रे."

"नेमानीने नेला ना? मी आणतो. सांगतो त्याला, बाबा रे, तुझ्या मामाला जन्मतः अक्कल नव्हती, हात तरी राहू दे."

"तोंडातून शब्द काढलास तर वल्ह्याने डोकं फोडीन. वासेमाथाला सासरी काय ऐकावं लागेल? तुझ्या भावाने दिलेलं परत मागून घेतलं, म्हणतील."

"मग वासेमाथालाच सांगा!"

बोलून गेल्यावर साकेआसीने जीभ चावली. जुन्या वळणाच्या घरात वयात आल्यावर भाऊबहीण एकमेकांशी बोलत नाहीत. समोरासमोर बसत नाहीत, नाव घेत नाहीत. त्याला म्हणे आदर म्हणतात. लहानपणी एका होडीतून खेकडे धरणारी ही दोघं वासेमाथाच्या लग्नाच्याही आधीपासून एकमेकांशी अक्षर बोलली नव्हती.

"मग त्या गोऱ्याला सांगा खरं काय ते."

"आणि घरी बसून काय करू? तुझ्या बहिणीचं तोंड बघू?"

"ते मी लहानपणापासून बघतोय. वाईट आहे, पण हात शाबूत राहतो."

शेवटी दोन शहाण्यांनी उपाय काढला. बागकामाचा एक जाड सुती हातमोजा आणला, त्याला कोपरापर्यंत कापडाची बाही शिवली आणि होडीच्या इंजिनाला देतात तो रुपेरी रंग फासला. लांबून पोलाद दिसायचं. लायल लांबूनच बघायचा, कारण मुंडक्यांचा वास त्याला सोसायचा नाही. शार्कवर प्रेम, पण त्यांच्या जेवणाची किळस.

मी रोज ते मुंडक्यांचं पाणी पोटात घेऊन बसणारा. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पोलाद रस पीत नाही. एक हिसडा दिला की समुद्र ते धुऊन नेतो. सुती कापड पितं. पहिल्या मुंडक्याला थोडं, दुसऱ्याला जास्त, आणि शेवटी तो हातमोजा राहत नाही, मुंडकंच होतं. पाच बोटांचं.

काही दिवस निभावलं. रंगाचे पापुद्रे सुटायचे, साकेआसी पुन्हा फासायचा. अपाकुकी हात झटकन आत घालायचा, झटकन काढायचा. पूर्वी त्याचा हात माझ्यात आला की मला वजन कळायचं, निवांत, घरच्या माणसासारखं. आता तो चोरासारखा यायचा. वर आला की मात्र पाहुण्यांसमोर छाती काढून, "आमच्या कुळाला शार्क चावत नाही."

मग तो दिवस. पाणी कोमट आणि गढूळ होतं, आदल्या रात्रीच्या पावसाने नदी लाल झाली होती. खाली नेहमीची भिंत, मागे पाहुणे, दोन मदतनीस लांब काठ्या घेऊन. अपाकुकी माझ्याजवळ गुडघ्यांवर. आजी आली. वळसा, मुंडकं. पुन्हा वळसा, पुन्हा मुंडकं. कापड भिजून जड झालेलं मला जाणवत होतं. त्याने पुढचं मुंडकं तिच्या वाटेत सोडलं, ते खाली पडलं. ती त्याकडे वळलीच नाही. तिच्या नाकासमोर त्याहून मोठं, त्याहून रसरशीत मुंडकं होतं. तिने तोंड उघडलं आणि अपाकुकीचा हात घेतला.

रागाने नाही, हे लक्षात ठेवा. ताटातली पोळी उचलावी तसा घेतला.

अपाकुकीने हिसडा मारला नाही. एवढ्या वर्षांत हे एक शहाणपण त्याने कमावलं होतं. तो स्वस्थ राहिला. तिने दात टेकवले, काहीतरी चुकलंय असं तिला वाटलं असावं, आणि तिने सोडलं. हातमोजा गेला. त्याच्याबरोबर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

पाण्यात रक्त हिरवं दिसतं. हिरवा धूर निघाला तसा त्याने तो हात माझ्यात खुपसला, मुंडक्यांच्या राड्यात, आणि दुसऱ्या हाताने झाकण दाबून धरलं. का, ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. माशाच्या रक्तात माणसाचं रक्त लपवायला. भिंतीमागे माणसं पालथी होती. आजीच्या मागून बाकीच्या येत होत्या. भोकांतून झिरपत होतं, पण ते मुंडक्यांचंच वाटलं असतं.

आजी परतली. तिने माझं झाकण चावलं. कडेला तडा गेला, तो अजून आहे. अपाकुकी माझ्यावर पालथा पडून राहिला, मला पोटाशी धरून. इतकं जवळ मला कोणी धरलं नव्हतं. ते प्रेम नव्हतं, गरज होती.

आणि भिंतीमागे काय चाललं होतं? हे खेळातलंच आहे असं समजून पाहुणे टाळ्या वाजवत होते. पाण्यात टाळ्या! फिनलंडचा एक फरश्या विकणारा इतका खूश झाला की त्याने दोन्ही अंगठे वर केले. पाण्याखाली त्याचा अर्थ होतो, वर चला. मदतनिसांना वाटलं, याला काही होतंय. त्यांनी सगळ्यांना वर काढलं. अपाकुकीला दोन्ही हात गुंतलेले असताना जी खूण करता येत नव्हती, ती एका येड्याने कौतुकाने केली.

साकेआसीने दोर ओढला. मी वर आलो, माझ्याबरोबर अपाकुकी. हात माझ्यातच.

"दाजी, काढा बाहेर."

"तूच बघ. मला बघवत नाही."

साकेआसीने हात काढला, स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळला. "अंगठा आहे," तो म्हणाला. "त्याच्या शेजारचं आहे. मधलं आहे. बस झालं की. गुंगीची यांगोना प्यायची वाटी धरता येते." बोलता बोलता त्याने दंडाला नाक पुसलं. "लग्नातच सांगितलं होतं मी बहिणीला, हा माणूस धड नाही."

"रडू नको साल्या. होडी चालव."

लायल दवाखान्यात आला. पहिला प्रश्न, "हातमोजा कुठे आहे?"

"आजीने गिळला," साकेआसी म्हणाला.

लायल पांढराफटक पडला. "पोलाद? तिच्या पोटात?" आणि तो अपाकुकीला तसाच टाकून पळाला. मग दिवसचे दिवस खाली जाऊन आजीच्या मागे फिरत होता, तिला खाल्लेलं पचतंय का, ती मलूल दिसतेय का. साकेआसीने हे अंगणात सांगितलं तेव्हा अपाकुकी इतका हसला की हाताचे टाके दुखले.

नेमानी आला तो मोठ्या माणसांना घेऊन, देवमाशाचा दात पुढे धरून, मान खाली घालून. आपल्यामुळे काय झालं ते कळल्यावर असंच यायचं असतं. दात चटईवर ठेवला, त्याच्या शेजारी पोलादी हातमोजा. दात पुढे केला की समोरच्याने क्षमा करायचीच. अपाकुकीने डाव्या हाताने दात उचलला आणि म्हणाला, "झालं ते झालं." माझ्यासाठी कोणी दात आणला नाही. असो.

नेमका तेव्हा लायल पपया घेऊन दारात आला. चटईवर हातमोजा! आधी त्याचा चेहरा उजळला, म्हणजे आजीच्या पोटात काही नाही. मग तो लाल झाला. वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्या आठवड्याचे पाहुणे आले असावेत. त्याने नेमानीचे दंड पाहिले, पंजे पाहिले.

"पोहता येतं?"

"येतं."

"हातमोजा बसतो?"

नेमानीने मूठ उघडली, मिटली.

झालं. मामाची बोटं घालवणाऱ्याला मामाचं काम मिळालं. आणि आमच्या या अपाकुकीने काय करावं? भाच्याला वाळूत नेऊन, माझ्यात नारळाची सोडणं भरून, शिकवायला बसला! "हात आत घालताना डब्यात बघू नको. बाहेर बघ. आजी डावीकडून येते." तीन बोटांनी दाखवत होता. त्याच्या पाठीकडे बघून मला वाटलं, एवढा मोठा माणूस आणि सगळा दुसऱ्यांना देण्यातच संपला.

होडीत आता निळा, नवा, दोन्ही चाकांचा डबा आहे. मी फुटक्या झाकणाचा, नीरफणसाच्या झाडाखाली उभा. अपाकुकी माझ्या शेजारी बसून सकाळी होडी निघताना बघतो.

एका रविवारी देवळातून परस्पर वासेमाथा आली. पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला टोपी. अपाकुकीने ती येताना पाहिली आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली. तिनेही पाठ फिरवली आणि माझ्या दुसऱ्या अंगाला बसली. मध्ये मी. बराच वेळ दोघं दोन दिशांना बघत होती. मी मनात म्हटलं, बसा असेच. गाढवं.

मग तिने माझ्या अंगावर थाप मारली.

"डब्या, तुझ्या मालकाला सांग, मला कोणी काही सांगितलंच नाही."

अपाकुकी दचकला. गळा साफ केला. "डब्या, तिला सांग, ठाऊक आहे मला."

"त्याला सांग, मला कळलं असतं तर पोराच्या हातातून तो मोजा मी दातांनी ओढून काढला असता. हातासकट."

"तिला सांग, मग घराण्यात दोन थोटे झाले असते."

ती हसली. हसता हसता टोपीने डोळे पुसायला लागली. "डब्या, त्याला विचार, दुखतं का?"

"सांग तिला, दुखतं. आहेत ती बोटं नाही दुखत. गेलेली दुखतात."

मी कोणाचा निरोप कोणाला सांगितला नाही. मला काय पडलंय. तरी दोघांना सगळं ऐकू गेलं. ऊन कलेपर्यंत दोघं मला सांगत होती, की आई कशी गेली, बाप कसा होता, लहानपणी उलटलेली होडी कोणाच्या चुकीने उलटली. त्यावर तर भांडली, माझ्या अंगावर दोन्हीकडून थापा मारून. उठताना ती म्हणाली, "त्याला सांग, पुढच्या रविवारी येते."

तेव्हापासून ती दर रविवारी येते.

नेमानी म्हणतो, मामा, हा फुटका डबा जाळून टाकू, वास येतो. खुशाल जाळा. प्लास्टिक आहे मी, चटकन पेटेन, आणि काळा धूर काढून तुमची दोरीवरची धुतलेली कापडं घाण करीन. तुमच्यात राहायची मला हौस नाही. माझं मागणं एवढंच, की जाळायचं ते थोडं थांबून जाळा. दोघंही बोलायला फार संथ आहेत, आणि अजून तिच्या लग्नापर्यंतसुद्धा आलेली नाहीत.